पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवलं, कागदावर मात्र काहीच नाही. दाद कुठे मागायची?

कडुलिंब
नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, जमल्यास अनुभवही.

माझा भाचा, वय २३, एका दुकानात हिशेब बघतो. दुकानात चोरी झाली. संध्याकाळी साध्या कपड्यांतले दोघे आले आणि "साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांचं काम आहे" म्हणत त्याला घेऊन गेले. सोडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात तळपायांवर पट्टा, कानाखाली आवाज आणि "कबूल हो, लगेच घरी जाशील" असं आळीपाळीने चालू होतं. ताई ठाण्यात गेली तर "असा कोणी इथे नाही" म्हणून तिला बाहेर काढलं. चोर नंतर सापडला, तो वेगळाच निघाला.

भाच्याला अटक दाखवलेली नाही. नोटीस नाही, कुठे सही नाही. फोन अजून त्यांच्याकडेच आहे, त्याचीही पावती नाही.

भावजी म्हणतात, पोरगं परत आलं ना, विषय संपवा. ताई संपवायला तयार नाही. भाचा बोलतच नाही. जे कागदावर घडलेलंच नाही त्याची तक्रार करता येते का? केली तर पुढे काय भोगावं लागतं?

(गावाचं आणि ठाण्याचं नाव मुद्दाम देत नाही.)

मधलीसुट्टी
भावजींशी सहमत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि इथे तर समोर खुद्द खातंच आहे. उद्या रस्त्यात गाडी अडवून भलतंच काही लावलं तर? पोरगं तरुण आहे, पुढे पासपोर्ट, नोकरीची पडताळणी, सगळं त्याच ठाण्यातून जाणार.

आडनावात_काय
दहा मिनिटांचं काम म्हणजे सकाळपर्यंत, हे पोलिसांचं घड्याळ सरकारी कॅलेंडरवर चालतं वाटतं.

रातराणी
कडुलिंब, बाकी चर्चा नंतर. मुलाला आजच्या आज सरकारी रुग्णालयात न्या.

मी अपघात विभागात काम केलंय. केसपेपर काढताना लोक "पाय दुखतो" एवढंच सांगतात आणि तिथेच पुरावा मरतो. कोणी, कशाने, कुठे, कधी मारलं हे डॉक्टरांना सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) करा म्हणा. डॉक्टर टाळाटाळ करतील, कारण पुढे साक्षीला जावं लागतं. लावून धरा. तळपायावरचे वळ लवकर विरतात, पण टाच टेकताना होणारी वेदना आणि आतली सूज बरेच दिवस राहते, ती नोंदवता येते. कानाखाली मारलं असेल तर कानाचा पडदा तपासून घ्या. एका कानाने कमी ऐकू येतं का ते विचारा, पोरं स्वतःहून सांगत नाहीत.

फोटो काढले असतील तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत कोर्टात लंगडी पडते.

आडनावात_काय
आणि त्या एमएलसीची खबर जाते कुठे? हद्दीतल्या पोलीस ठाण्यात. म्हणजे ज्यांनी मारलं त्यांनाच कळवायचं की मारलंय. 😀

रातराणी
खबर तिकडे जाते हे खरं. पण रुग्णालयाच्या रजिस्टरवर तारीख, वेळ आणि अनुक्रमांक पडतो, आणि ते रजिस्टर त्यांच्या हातात नसतं. महत्त्व त्यालाच आहे.

तळटीप
मी फौजदारी वकिली करते. थोडं लांब लिहिते आहे, सांभाळून घ्या.

पोलीस माणसाला ठाण्यात बोलावतात ते कायद्याने तीनच नात्यांनी. साक्षीदार म्हणून, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७९ खाली लेखी आदेश हवा. (बायका, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरची माणसं, दिव्यांग यांना तर त्यांच्या घरीच जाऊन विचारावं लागतं.) संशयित म्हणून, तर कलम ३५(३) ची नोटीस हवी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावून ठेवलंय. तिसरं नातं आरोपीचं. तिथे अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकांना खबर, अटकेची कारणं, वैद्यकीय तपासणी आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं.

"नुसतं बसवून ठेवलंय" हे चौथं नातं कायद्यात नाही. पोलिसांची आवडती जागा मात्र तीच, कारण तिथे घड्याळ सुरूच होत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली कस्टम्सच्या एका प्रकरणात सांगितलंय की माणसाचं हिंडणं-फिरणं रोखलं त्या क्षणी अटक झाली, अधिकारी कागदावर कोणती वेळ टाकतो त्याला महत्त्व नाही. त्यामुळे कागद नाही म्हणजे तक्रार नाही, असं मुळीच नाही. कागद नसणं हाच तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा आहे.

फोनचंही तसंच. जप्त केला असेल तर पंचनामा हवा, आणि नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे (कलम १०५). पंचनामा नसेल तर फोन कोणत्या अधिकारात ठेवलाय ते त्यांनी सांगावं. शिवाय तो फोन रात्रभर कोणत्या टॉवरखाली होता हे मोबाइल कंपनीकडे नोंदलेलं आहे. त्यांनी स्वतःविरुद्धचा साक्षीदार कपाटात सांभाळून ठेवलाय म्हणायचं.

मधलीसुट्टी
ताई, कलमं पाठ असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता ठाण्यात उभं राहणं वेगळं.

तळटीप
म्हणून तर दिवसाउजेडी, पोस्टाने करायच्या गोष्टी सांगते. सगळ्यात आधी पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार. दखलपात्र गुन्हा ठाण्यात नोंदवला नाही तर कलम १७३(४) खाली हीच पुढची पायरी आहे, आणि ती चढल्याचा पुरावा नसेल तर दंडाधिकारी उभं करत नाहीत. हातोहात दिली तर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, नाहीतर स्पीड पोस्ट. त्यातच शेवटी दोन ओळी टाका: अमुक तारखेच्या संध्याकाळपासून सकाळपर्यंतचं ठाण्यातल्या सर्व कॅमेऱ्यांचं चित्रीकरण आणि स्टेशन डायरी जपून ठेवावी.

हत्तीचे_कान
कॅमेरे? ते नेमके त्याच रात्री आजारी असतात. त्यांनाही किरकोळ रजा लागते.

तळटीप
असतील आजारी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आत-बाहेरची दारं, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या सगळीकडे आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण १८ महिने टिकवायचं, साठवणुकीची तशी सोय नसेल तरी किमान एक वर्ष. कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रभारीची. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर कधी बंद पडला, कोणाला कळवलं, दुरुस्तीचं पत्र कुठे आहे हे विचारता येतं. पण हे विचारायला तुमचा अर्ज आधीच्या तारखेचा हवा. वर्षभराने जाग आली तर "पुसलं गेलं" हे उत्तर खरंही असू शकतं.

निवृत्तखाकी
मी उभी हयात खात्यात काढली, उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण दुसरी बाजू ऐका.

भाच्याचं नाव पोलिसांना स्वप्नात दिसलं नाही. दुकानमालकाने दिलं. फिर्यादी समोर बसून म्हणतो, "साहेब, दोन लावा, पोपटासारखा बोलेल." संध्याकाळी पुढाऱ्याचा फोन. आठवड्याच्या क्राइम मीटिंगला वरिष्ठ विचारतात, डिटेक्शन किती, मुद्देमाल किती. हाताखाली माणसं अपुरी, त्यात बंदोबस्त. ज्याच्याकडे तपास आहे तोच मिरवणुकीत दोरी धरून उभा. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग निकालात २००६ साली सांगितलंय. कुठे झालंय नीट?

मारहाणीचं समर्थन करत नाही. मार खाऊन दिलेली कबुली कोर्टात चालतच नाही, साक्ष कायद्यात पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून बादच आहे. तरी मारतात, कारण कबुली नको असते, माल हवा असतो. माल कुठे ठेवला ते सांगितलं आणि तो तिथे मिळाला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. सगळी गोम तिथे आहे.

उंबरठा
निवृत्तखाकी काका, शेवटचा परिच्छेद प्रामाणिक आहे, आवडला. पण पहिल्या परिच्छेदातल्या "दोन लावा" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचा पगारही पोलिसालाच मिळतो ना?

निवृत्तखाकी
मिळतो. नाही म्हणणाऱ्याची बदलीही होते.

दुसरीबाजू
इथले सगळे आज मानवी हक्कवाले झालेत. मागच्याच वर्षी एन्काउंटरच्या धाग्यावर यातल्याच कितीतरी आयडींनी टाळ्या वाजवल्या होत्या. "असंच पाहिजे, तारीख पे तारीख नको" वगैरे. तेव्हा मेलेला गुन्हेगार होता की नव्हता हे कोर्टाने ठरवलं होतं का? पोलिसांना तुम्हीच शिकवलंत की निकाल ठाण्यातही लागू शकतो. मग तो निकाल कधीतरी हिशेब बघणाऱ्या पोरावर लागणारच.

हत्तीचे_कान
+१. त्या धाग्यावर मी एकटा विरोधात होतो, मला देशद्रोही ठरवलं होतं.

मधलीसुट्टी
एन्काउंटर आणि हे यांची तुलना होत नाही. तिथे अट्टल गुंड असतात.

बोरूवाला
मधलीसुट्टी, मुंबईत २००६ साली लखनभैया म्हणून एक जण पोलिसांच्या गोळीने मेला. तोही "अट्टल" होता म्हणूनच लोक गप्प होते. त्याचा भाऊ वकील निघाला आणि त्याने चिवटपणे लढवलं. भाऊ उचलला गेल्याच्या तारा त्याने चकमकीची बातमी यायच्या आधीच वरिष्ठांकडे पाठवून ठेवल्या होत्या. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांसह २१ जणांना दोषी धरलं, आणि सुटलेल्या नामांकित "स्पेशालिस्ट" अधिकाऱ्याला मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. तळटीप ताई वर पोस्टाच्या पावतीबद्दल का घसा कोरडा करतायत ते यावरून कळावं.

पत्रकार म्हणून अजून एक सांगतो. २०२४ च्या डिसेंबरात परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा म्हणून त्याची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथूनही परत आलं. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला एवढं लागलं. खटला पुढची गोष्ट.

उंबरठा
आणि आपल्या राज्याने कायदा बदलायला लावलेली केस विसरू नका. १९७२ साली देसाईगंज ठाण्याच्या आवारात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं, कारण काय तर अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला आणि शरीरसंबंध सिद्ध असतील तर बाईने "संमती नव्हती" म्हटलेलं न्यायालय गृहीत धरू लागलं.

मथुराला स्वतःला त्यातून काही मिळालं नाही. वस्तीत काम करताना मला मुली विचारतात की संध्याकाळनंतर पोलीस न्यायला आले तर? सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. हे वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेते.

कडुलिंब
मंडळी, खूप आभार. रुग्णालयात जाऊन आलो. रातराणी ताईंनी म्हटल्याप्रमाणेच झालं, डॉक्टर आधी "कशाला अडकता" म्हणाले, मग लिहिलं. डाव्या कानाचं निघालं. भाच्याने आईला सांगितलंच नव्हतं.

आता दोन शंका. एक, भावजींची भीती: सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा उलटा लावतील. दोन, वर बरेच पर्याय आलेत, पण नेमकं कुणाकडे काय मागायचं?

दुसरीबाजू
भीती खोटी नाही. पूर्वीचं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. ठाण्यात आवाज चढवला की लागतं. नाहीतर चॅप्टर केस (शांतता बिघडेल म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाई) आहेच. म्हणून ठाण्यात जाऊन वाद घालू नका, हे मीही सांगेन.

बोरूवाला
ठाण्यात जावंच लागलं तर एकटे जाऊ नका आणि बोलणं रेकॉर्ड करा. "इथे रेकॉर्डिंग म्हणजे गोपनीयता कायदा" अशी दमबाजी होते. वर्ध्याच्या एका माणसावर खरंच तसा गुन्हा लावला होता. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला, कारण शासकीय गुपिते कायद्यातल्या "निषिद्ध ठिकाणांच्या" व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही.

तळटीप
कडुलिंब, दुसऱ्या शंकेचं उत्तर. चार दारं आहेत आणि चारही वेगळं देतात. हे न कळल्याने लोक एकाच दारावर डोकं आपटत बसतात.

शिक्षा हवी तर फौजदारी. कबुली काढण्यासाठी मारणं हा न्याय संहितेच्या कलम १२० चा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. गंभीर दुखापत असेल तर दहा. अधीक्षकांनी काही केलं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे. नव्या संहितेत इथे एक पाचर मारून ठेवलीय: तक्रार सरकारी नोकराच्या कामातून उद्भवलेली असेल तर आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्याचं म्हणणं ऐकायचं. म्हणजे वेळ जाणार.

खात्यातली कारवाई हवी तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग निकालानंतर २०१४ च्या दुरुस्तीने आपल्या पोलीस कायद्यात ते आलं, विभागीय पातळीवरही तरतूद आहे. विहित पद्धत न पाळता अटक किंवा स्थानबद्धता हा त्यांच्या यादीतला विषय आहे. तुमची केस तिथे नेमकी बसते. मात्र ते शिफारस करतात, सरकार अंमल करतं.

मानवी हक्क आयोगाला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत साधा अर्ज चालतो. नुकसानभरपाईची शिफारस करू शकतात. पण घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, नंतर ते हात लावत नाहीत.

उच्च न्यायालय, राज्यघटनेचा अनुच्छेद २२६. भरपाई आणि चौकशीचे आदेश, दोन्ही. हल्ली कोल्हापूरलाही सर्किट बेंच बसतं, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्ह्यांची मुंबईची वारी टळली.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अटही नाही.

आडनावात_काय
भरपाई म्हणजे किती हो? एक कान केवढ्याला जातो?

तळटीप
प्रश्न कडू आहे पण रास्त आहे. १९८३ मध्ये रुदुल साह, निर्दोष सुटल्यावरही बिहारच्या तुरुंगात १४ वर्षं: ३५,००० रुपये. १९९३ मध्ये ओडिशाच्या नीलाबती बेहरा. पोलिसांनी मुलगा नेला, दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर प्रेत. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली: दीड लाख. २०१८ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन: ५० लाख. यातून दर काढता येत नाही. एक मात्र स्पष्ट आहे, मूलभूत हक्क मोडला तर "राजाची चूक नसते" ही सबब सरकारला चालत नाही, हे नीलाबती प्रकरणात पक्कं झालं.

उलट बाजूही सांगते. २००६ च्या सुबे सिंग निकालात म्हटलंय की नुसता आरोप पुरेसा नाही, वैद्यकीय कागद, खुणा, अपंगत्व असं काही ठळक हवं. म्हणून कानाचा रिपोर्ट सोन्यासारखा सांभाळा.

मधलीसुट्टी
आणि ती भरपाई भरणार कोण? तुम्ही-आम्ही, करातून. मारणारा आरामात पेन्शन घेणार.

निवृत्तखाकी
नेहमी नाही. सरकारला ती दोषी माणसाकडून वसूल करता येते, कोर्ट तसं लिहितंही. खात्यात लोक कोर्टाच्या शिक्षेपेक्षा वसुलीला आणि वेतनवाढ रोखण्याला जास्त घाबरतात. घरी बायकोला सांगावं लागतं.

बाकी तळटीप ताईंनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो, कारण आमचे वकील पहिल्याच तारखेला तीच काढतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम १६१. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांविरुद्धचा दावा किंवा खटला सहा महिन्यांत दाखल झाला पाहिजे. नाही झाला की बाद. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी केसेस गुणदोषावर नाही, या एका कलमावर पडल्या.

तळटीप
काका, आठवणीबद्दल आभार, पण पूर्ण सांगा. १९६६ च्या आत्माराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाबद्दल सांगितलंय की तपासात मारणं आणि डांबून ठेवणं हे कर्तव्याच्या नावाखाली येत नाही, त्यामुळे सहा महिन्यांची अट तिथे लागू नाही.

निवृत्तखाकी
आणि २०२० चा देवराजा निकाल? कर्नाटकचा. तिथे सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कृत्य कर्तव्याशी वाजवीपणे जोडलेलं असेल तर मर्यादा ओलांडली तरी सरकारची मंजुरी लागते. मंजुरी नव्हती म्हणून खटला रद्द झाला. आमच्या बाजूचे वकील आत्माराम वाचत नाहीत, देवराजा वाचतात.

तळटीप
मान्य, दोन्ही ओळी जिवंत आहेत आणि कोणती लागेल ते तथ्यांवर ठरतं. पण देवराजात माणूस नोंदवलेल्या गुन्ह्यातला आरोपी होता, रीतसर कोठडीत. इथे अटकच दाखवलेली नाही. जी कोठडी अस्तित्वातच नव्हती म्हणता, तिच्यात कर्तव्य कसलं बजावत होतात? शिवाय नव्या संहितेत मंजुरीच्या अर्जावर सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाहीतर मंजुरी मिळाली असं धरतात. पूर्वी फाइल वर्षानुवर्षं झोपायची.

अर्थात हा वाद कोर्टात घालायची वेळच येऊ देऊ नये. सहा महिन्यांच्या आत दाखल करा, मग १६१ राहतं बाजूला.

निवृत्तखाकी
या शेवटच्या वाक्यावर माझी सही.

हत्तीचे_कान
वकीलबाई आणि फौजदार एका मुद्द्यावर एकत्र. धागा वाचनखुणेत साठवला, नातवंडांना दाखवीन.

रातराणी
अवांतर: त्या मुलाशी कुणी बोलतंय का? झोप, दचकणं, दाराची घंटा वाजली की घाम येणं, हे चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. उपचारासाठी तर आहेच, पण तोही वैद्यकीय कागद आहे. आणि जबाब वकिलापुढे एकदाच सविस्तर होऊ द्या. प्रत्येक नातेवाइकाला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

कडुलिंब
थोडी प्रगती. अधीक्षकांना तक्रार पोचली. त्यानंतर लगेच ठाण्यातून भावजींना फोन, "फोन घेऊन जा, सही करा." बोलणं अगदी गोड. सोबत एक टाइप केलेला कागद: माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही, मला कोणी मारहाण केली नाही, मी स्वखुशीने चौकशीला आलो होतो.

भावजी सही करून मोकळे व्हा म्हणतात. फोनमध्ये त्याचं सगळं कामाचं आहे.

दुसरीबाजू
सही अजिबात नको!!

बोरूवाला
त्या कागदाचा फोटो काढता आला का? "स्वखुशीने आलो होतो" म्हणजे तो त्या रात्री तिथे होता हे त्यांनीच टाइप करून दिलंय की. आतापर्यंत तर असा कोणी आलाच नव्हता.

उंबरठा
हे भारी आहे 😀 ताईला बाहेर काढताना "इथे कोणी नाही" आणि आता "स्वखुशीने आला होता".

तळटीप
बोरूवाला अगदी बरोबर. फोटो असेल तर कोणी, कधी, कुठे दाखवला ते आजच लिहून ठेवा. तो कागद सही न करता परत द्या. फोन घेताना फक्त "माझा अमुक मॉडेलचा फोन अमुक तारखेला परत मिळाला" एवढंच स्वतःच्या अक्षरात लिहा, खाली तारीख-वेळ, आणि त्याची प्रत मागा. देत नसतील तर फोन तिथेच राहू द्या, मी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून मिळवून देईन. आणि भावजींना सांगा, पोलिसांशी गोड बोलायला मनाई नाही, सही करायला आहे.

मधलीसुट्टी
माझं मत अजून तेच आहे, पण त्या कागदावर सही करू नये हे मलाही पटतं. तक्रार करायची नाही ही एक गोष्ट, मारलं नाही असं लिहून देणं दुसरी.

कडुलिंब
फोटो ताईने काढलाय. भावजी आता जरा गप्प आहेत. उद्या मोठ्या वकिलांकडे, आयोगाचा अर्ज सोबत नेतोय. भाचा म्हणाला, अर्ज मीच लिहितो.

पाऊलवाट
नवीन सदस्य आहे, उशिरा वाचतोय. माझ्या भावाच्या बाबतीत असंच घडलं, पण सव्वा वर्ष होऊन गेलं. आम्ही घाबरून काहीच केलं नाही. आता सगळी दारं बंद का?

तळटीप
आयोगाचं दार बंद. १६१ चा आक्षेप नक्की येणार, त्याला आत्माराम निकालाने उत्तर द्यावं लागेल. पण कबुलीसाठी मारहाणीच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना संहितेतली सर्वसाधारण मुदत लागत नाही. उच्च न्यायालयात ठरावीक मुदत नाही, पण उशीर का झाला ते पटवावं लागतं. भीती हे कारण न्यायालय ऐकतं, त्याला आधार हवा. कॅमेऱ्याचं चित्रीकरण १८ महिन्यांच्या आत असेल तर ते जपून ठेवण्याचा अर्ज उद्याच टाका. तेव्हाचा दवाखान्याचा काही कागद आहे?

पाऊलवाट
खासगी डॉक्टरांची चिठ्ठी आहे. त्यावर "पडल्याने दुखापत" लिहिलंय. तसंच सांगा म्हणून ठाण्यातूनच दटावलं होतं.

तळटीप
एक्स-रे काढला होता का? तो, ती चिठ्ठी आणि औषधांची बिलं शोधा. आणि भावाला सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्याने कुणाला मेसेज किंवा फोन केला असेल तर ते पुसू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, नवा धागा काढा, इथे कडुलिंबांचं चालू आहे.